पोस्टरला पहिला नंबर, पण चूक झाली तर सांगायचं कुणाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण इन्सुलिनचा किस्सा तेवढा ठेवा ही विनंती.

माझ्या बहिणीची नात इथे पुण्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. मागे १७ सप्टेंबरला त्यांच्या कॉलेजात पेशंट सेफ्टी डे झाला. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०१९ पासून हा दिवस सुरू केलाय, त्याचा रंग केशरी. तर बिल्डिंगला केशरी लायटिंग, पोर्चमध्ये रांगोळी, पाहुण्यांचं भाषण, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली आणि मग पोस्टर स्पर्धा. आमच्या पोरीला पहिला नंबर. फोटो दाखवला तिने. चीजचे भोकंवाले काप एकामागे एक उभे आणि सगळ्या भोकांतून आरपार गेलेला लाल बाण. इंग्लंडचे जेम्स रीझन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते त्यांची ही कल्पना, की चूक पेशंटपर्यंत पोचते ती एकट्या कुणामुळे पोचत नाही, प्रत्येक पायरीवर एकेक भोक असतंच आणि एखाद्या दिवशी सगळी भोकं नेमकी एका रेषेत येतात. मी म्हटलं अगं आपल्याकडच्या चीजला कुठे भोकं असतात, अनारसे काढायचे होतेस. हसली. मग मी सहज विचारलं, आता वॉर्ड पोस्टिंग सुरू झालंय ना तुझं, तिथे तुझ्या हातून काही चुकलं किंवा दुसऱ्याचं चुकताना दिसलं तर काय करशील? ती भात कालवत थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आजी, सिनियर खातील गं मला."

पहिल्या नंबरवाली मुलगी आहे ही. म्हणून हे पत्र.

मी ३३ वर्षं वॉर्डात काढली, आधी स्टाफ नर्स मग सिस्टर इन्चार्ज, थोडी वर्षं सरकारी आणि जास्त वर्षं ट्रस्टच्या हॉस्पिटलात. नावं लिहीत नाही कारण जे सांगतेय ते एका हॉस्पिटलचं नाहीये, कुठल्याही वॉर्डात जाऊन बघा. या काळात किती इंटर्न आणि हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, माझ्या डोळ्यासमोर मोठे झाले ते मोजलं नाही, काही आता एवढे मोठे झालेत की त्यांची अपॉइंटमेंट मला मिळत नाही. पोरं हुशार असतात यात वादच नाही. पण त्यांना चूक करायची नाही एवढंच शिकवतात, आणि झालीच तर काय करायचं हे कुणीच शिकवत नाही, ते ती वॉर्डात बघून बघून शिकतात. आणि वॉर्डात बघायला मिळतं काय, तर राउंडला सर एखाद्या रेसिडेंटला पेशंटच्या नातेवाइकांसमोर झापतात, केसपेपर भिरकावतात, आणि पाठीमागे उभी असलेली दहा पोरं मनात एकच नोट करतात की आपल्यावर ही वेळ आली तर गप्प बसायचं. दुसरं काय शिकणार?

एक जुनी गोष्ट सांगते. नाइट ड्युटी, मेडिसिनचा वॉर्ड, तिसेक पेशंट आणि आम्ही दोघी. एका इंटर्नला सलाईनची लाइन फ्लश करायची होती, म्हणजे पाणी सोडून नळी साफ करायची होती, त्याने ट्रेमधली १० एमएलची अँप्युल, म्हणजे औषधाची छोटी बंद कुपी, उचलली, तोडली, सिरिंजमध्ये भरली. मी शेजारच्या बेडचं बीपी घेत होते, सहज त्या रिकाम्या अँप्युलकडे नजर गेली तर ते पोटॅशियम क्लोराइड. डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल आणि ही, साइज तीच, आतलं पाणी तसंच पांढरं स्वच्छ, अक्षर मुंगीएवढं आणि वॉर्डातला उजेड तुम्हाला माहितीये कसा असतो. पोटॅशियम असं डायरेक्ट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, तिथल्या तिथे. मी त्याचा हात धरला. तो पांढराफटक. ट्रेनिंगची एक पोरगी माझ्याबरोबर होती, तिने ते आधी पाहिलं होतं, पण डॉक्टरांना कसं सांगायचं म्हणून थांबली होती. पेशंट झोपलेलाच होता, त्याला आजपर्यंत माहीत नाही.

मग आम्ही काय केलं? काहीच नाही. सिरिंज टाकून दिली, तो "थँक यू सिस्टर, प्लीज कुणाला बोलू नका" म्हणाला, आणि मी पण नाही बोलले, म्हटलं कशाला पोराचं करिअर. मला तेव्हा तो चांगुलपणा वाटला होता. सहा महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात हेच झालं, तिथे बघायला कुणी नव्हतं. त्यानंतर पोटॅशियमच्या अँप्युल वॉर्डाच्या ट्रेमधून निघाल्या आणि कुलपात गेल्या. हे आधी करता आलं असतं. डब्ल्यूएचओने पण २००७ मध्ये हेच सांगितलंय की असली कॉन्सन्ट्रेटेड औषधं वॉर्डात उघड्यावर ठेवूच नका. पण ट्रेमध्ये हा प्रॉब्लेम आहे हे वरच्या लोकांना कळणार कसं, ज्याला माहीत होतं ती मी गप्प होते ना.

आता इन्सुलिनचं, आणि ही माझी स्वतःची चूक आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका एमएलमध्ये ४० युनिट आणि एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि त्या त्या बाटलीची सिरिंज वेगळी, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. त्या आठवड्यात स्टोअरमध्ये लाल संपल्या होत्या म्हणून त्यांनी केशरी पाठवल्या, आणि वॉर्डात कुणीतरी दोन्ही एकाच डब्यात ओतून ठेवल्या. माझी दुपारची ड्युटी, एका आजींना संध्याकाळी जेवणाआधी २० युनिट. बाटली ४० ची. मी घाईत केशरी सिरिंज घेतली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. आता हिशोब करा, २० युनिट म्हणजे अर्धा एमएल जायला पाहिजे होतं, केशरी सिरिंजवरची २० ची रेघ येते ०.२ एमएलला, म्हणजे गेले फक्त ८ युनिट. सकाळी शुगर ३०० च्या वर. डॉक्टरांनी डोस वाढवून २६ केला, मग ३०, मग ३६. शुगर काही उतरेना, आणि उतरणार कशी, ३६ लिहिलं तरी आत साडेचौदाच्या आसपासच जात होतं. सगळे आजींना विचारतायत खरं सांगा काय खाल्लं, सुनेवर संशय की ही डब्यातून शिरा आणते. चार दिवस असं चाललं. रविवारी माझा ऑफ. ड्युटीवर दुसरी सिस्टर, तिच्या हाताला डब्याच्या तळाशी लाल टोपणाची सिरिंज लागली, तिने अगदी बरोबर ३६ युनिट दिले. तिने त्या दिवशी काहीच चुकीचं केलं नाही. पहाटे तीनला आजी गार घामाने भिजलेल्या, हाक मारली तर ओ नाही, शुगर ३८, म्हणजे जिवावर बेतेल इतकी कमी. नशीब की नाइटच्या पोरीने पायाला हात लावून बघितला. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, शिरेतून दिलं तेव्हा दहा मिनिटांत डोळे उघडले आणि म्हणाल्या चहा मिळेल का.

सोमवारी मला सगळं कळलं. डबा उघडला आणि पोटात गोळाच आला. दोन तास मी ते घेऊन फिरत होते, लिनन रूममध्ये जाऊन चादरी मोजल्या दोनदा. कुणालाच कळलं नसतं हो, सगळ्यांनी आजींच्या शिऱ्यावर ढकललं होतं आणि ड्युटीवर होती ती दुसरी, मेमो मिळाला असता तर तिला. शेवटी आमच्या मेडिसिनच्या सरांकडे गेले. वाटलं आता गेली नोकरी. सरांनी ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं ते हे, की दोन्ही सिरिंज एका डब्यात आल्या कशा? मग दुपारी ड्युटी रूममध्ये सगळ्यांना बोलावलं, हाऊसमन, इंटर्न, सिस्टर, फार्मसीचे दादा, आमच्या मावशी पण, चहा मागवला, आणि माझं काही सांगायच्या आधी त्यांनी स्वतःचं सांगितलं. ज्युनियर डॉक्टर, म्हणजे रजिस्ट्रार, असताना एका पेशंटला पेनिसिलिन दिलं होतं, अॅलर्जी केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली होती पण पान दुमडलेलं होतं, उलगडून बघितलं नाही. पेशंट वाचला पण ती रात्र ते विसरले नव्हते. मग म्हणाले, आता सिस्टर सांगतील. आणि मी सांगितलं. रडले पण. पण सांगितलं.

त्या दिवसानंतर आमच्या वॉर्डात काय बदललं ते बघा. डबे दोन झाले हे तर झालंच, पण पुढच्याच आठवड्यात एक इंटर्न आपणहून म्हणाला की सर तुमच्या अक्षरात युनिटचा यू शून्यासारखा दिसतो, मी परवा १० चे १०० वाचले होते, सिस्टरनी टोकलं म्हणून. सर हसले आणि त्यांनी पूर्ण 'युनिट' लिहायला सुरुवात केली. एका इंटर्नने प्रोफेसरला असं सांगणं म्हणजे काय हे वॉर्डात काम केलेल्यालाच कळेल. ते सर रिटायर झाले आणि दोन वर्षांत वॉर्ड परत होता तसा झाला, तेही सांगायला पाहिजे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांना पेशंट सेफ्टी शिकवायची असेल तर वरच्या माणसाने त्यांच्यासमोर आपली चूक सांगितली पाहिजे, नाव गाव तारखेसकट, आणि ती ऐकून कुणाला काही शिक्षा झाली नाही हे पोरांना दिसलं पाहिजे. पाचशे स्लाइडचं पीपीटी त्याची जागा घेऊ शकत नाही.

अभ्यासक्रमात हे नाही असं कुणी म्हणू नये. डब्ल्यूएचओने २०११ साली मेडिकल, नर्सिंग, फार्मसी सगळ्यांसाठी मिळून पेशंट सेफ्टीचा आख्खा अभ्यासक्रम काढलाय, ११ विषय आहेत त्यात आणि चुकांमधून शिकणं हा एक आख्खा वेगळा विषय आहे. आपल्याकडे २०१९ च्या बॅचपासून नवीन अभ्यासक्रम आला, त्यात एटकॉम नावाचं प्रकरण आहे, पेशंटशी बोलायचं कसं, नीतिमत्ता वगैरे. कागदावर चांगलंच आहे. आमची पोरगी म्हणते त्या लेक्चरला मागच्या बाकावर सगळे नीट-पीजीचे, म्हणजे पुढच्या डिग्रीच्या प्रवेश परीक्षेचे, पर्यायवाले प्रश्न (एमसीक्यू) सोडवतात. त्यांचा पण दोष नाही, पुढची सीट त्या एमसीक्यूवर मिळणार आहे, चूक कबूल केल्याचे मार्क कुठे आहेत?

आकडे बघायचे तर अमेरिकेत १९९९ ला इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा रिपोर्ट आला तेव्हा तिथे खळबळ उडाली होती, वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं हॉस्पिटलातल्या चुकांनी जातात असा अंदाज होता त्यात. डब्ल्यूएचओ म्हणते जगात साधारण दर दहा पेशंटमागे एकाला उपचार घेतानाच काही ना काही इजा होते. हे वाचून कुणी डॉक्टरांच्या नावाने शिमगा करू नये, मी त्यासाठी लिहीत नाहीये. छत्तीस तास जागं असलेलं पोर पहाटे चारला औषधाचा डोस काढतंय, तुम्ही आम्ही त्या वेळेला दुधाचा हिशोब तरी बरोबर करू का?

ऑपरेशन थिएटरचं एक उदाहरण देते कारण ते मला फार आवडतं. २००८ मध्ये डब्ल्यूएचओने सर्जरीची चेकलिस्ट काढली, एका कागदावर फक्त १९ मुद्दे. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत करून बघितली, त्यात आपली दिल्ली पण होती, तर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, जवळजवळ निम्मं. नवीन मशीन नाही, औषध नाही, कागद! आणि त्यात चीर घ्यायच्या आधीचा पहिला मुद्दा काय आहे माहितीये? खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. मला पहिल्यांदा वाचून हसू आलं होतं. मग आठवलं की आमच्या ओटीत एक मामा बारा वर्षं होते आणि सर्जन सरांना त्यांचं नाव माहीत नव्हतं, "ए मामा" एवढंच. ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही तो माणूस तुम्हाला "सर, डावा नाही, उजवा पाय" असं सांगेल का? आणि आपल्याकडे त्या चेकलिस्टचं काय होतं ते पण सांगते, ऑपरेशन संपल्यावर कॉरिडॉरमध्ये इंटर्न खुर्चीवर बसून एका दमात १९ टिका मारतो, सही करतो, फाइल पूर्ण. इन्स्पेक्शनला फाइल चकाचक. आणि इंटर्न काय शिकला, तर खोटी टिक कशी मारायची.

भीतीचं पण बोलायला हवं, ती खोटी नाहीये. काही झालं की नातेवाईक काचा फोडतात, आपल्या महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१० पासून कायदा आहे तरी फोडतात. पोरांच्या डोक्यात असं बसलंय की चूक म्हटली की पोलीस आले. त्यांना कुणीतरी नीट शिकवा ना की सुप्रीम कोर्टाने २००५ लाच जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय, डॉक्टरवर फौजदारी लावायची तर हलगर्जीपणा ठळक आणि मोठा लागतो, अंदाज चुकला की लगेच गुन्हा होत नाही आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. चूक वेगळी, हलगर्जी वेगळी, आणि लपवालपवी तिसरीच. माझा अनुभव असा आहे की नातेवाईक चुकीपेक्षा त्या तिसरीला जास्त भडकतात. त्या इन्सुलिनवाल्या आजींच्या मुलाला सरांनी मला शेजारी उभं करून सगळं सांगितलं होतं. मुलगा रिक्षा चालवायचा, रागीट होता, मी देवाचं नाव घेत उभी. तो पाच मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे माझी बायको शिरा देत नव्हती तर." डिस्चार्जला पेढे घेऊन आला होता.

आता माझी मागणी, फार मोठी नाहीये. पहिल्या वॉर्ड पोस्टिंगच्या आधी प्रत्येक एमबीबीएसच्या पोराला आठ दिवस वॉर्ड सिस्टरच्या हाताखाली द्या. डॉक्टर म्हणून नाही, ट्रे धरायला. सकाळी आठला आमची ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवणं, कशी होते ते बघू दे, एकेका बेडपाशी उभं राहून, कुणाला काय चालू आहे, कुणाची ड्रेनची नळी, कुणाचं रात्री काय झालं, कारण डॉक्टरांची ओव्हर आता व्हॉट्सअॅपवर होते, "७ नं बघ जरा" एवढी. आणि ७ नंबर तर दुपारीच नातेवाइकांनी पंख्याखाली ९ वर हलवलेला असतो! औषधं वाटताना आम्हाला ट्रेनिंगला शिकवलेलं असतं, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, आणि अँप्युल तीनदा वाचायची, उचलताना, भरताना आणि टाकताना. हे डॉक्टरला का नको?

एक साधी गोष्ट, जी कुठल्याच कॉलेजात शिकवताना मी पाहिली नाही. पेशंटला "तुम्ही शिंदे ना?" असं कधीच विचारायचं नाही. म्हातारं माणूस, ऐकू कमी, ताप आलेला, समोर पांढरा कोट, तो कशालाही हो म्हणतो. वॉर्डात दोन शिंदे असतात, पुण्यात तर चार. विचारायचं "तुमचं नाव काय, पूर्ण सांगा", आणि मग हातावरची पट्टी बघायची. फोनवर रात्री ऑर्डर घेतली तर तीच परत म्हणून दाखवायची, फिफ्टीन का फिफ्टी, एक पाच का पाच शून्य. यावर मी कितीदा "सिस्टर, एकदा सांगितलं ना" ऐकलंय त्याला गणती नाही. आठ दिवस ट्रे धरलेला डॉक्टर असं म्हणणार नाही असं मला वाटतं, निदान थोडं हळू म्हणेल.

आणि महिन्यातून एकदा तासभर बसा, सरांनी आधी बोलायचं. थोडक्यात वाचलेल्या गोष्टी सुद्धा सांगायच्या, माझ्या पोटॅशियमसारख्या, कारण त्या फुकट मिळालेल्या असतात. सिस्टर, मामा, मावशी, फार्मसी सगळे हवेत. वेळ नाही म्हणतील. केशरी लायटिंगला वेळ होता की.

बाकी आमच्या पोरीचं सांगायचं राहिलं. ह्यांना शुगर आहे त्यामुळे घरात इन्सुलिन असतंच. परवाच्या रविवारी जेवण झाल्यावर मी ४० ची बाटली आणि दोन्ही सिरिंज पोळपाटावर ठेवल्या, टोपणं काढून, आणि म्हटलं २० युनिट भर. तिने उचलली ती १०० ची. अगदी व्यवस्थित बुडबुडे काढून २० पर्यंत भरली आणि माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. मग तिने बाटली फिरवून वाचली, सिरिंज वाचली, आणि "अरे देवा" म्हणाली. जाताना म्हणाली आजी पुढच्या रविवारी रूममेट आणि बाकीच्यांना पण घेऊन येते, सहा जणी आहोत, सिरिंज तेवढ्या आणून ठेव. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन्ही टोपणांच्या सहा-सहा आणून ठेवल्यात, आणि दोन वेगळ्या डब्यांत.

आपली,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर
(नाव छापू नये)
धायरी, पुणे